लंगडी घ्या, पण दोन्ही पायांवर

पहिली ते चौथीच्या पीटीच्या तासाला आमच्या भागातल्या बहुतेक शाळांत दोनच गोष्टी होतात. एक तर मुलं रांगेत उभी, सावधान-विश्राम, हात वर हात खाली, एक-दोन-तीन-चार, आणि कवायत संपते तोवर घंटा होते. नाहीतर मग गुरुजी किंवा बाई कपाटातला एकुलता एक चेंडू काढून देतात, जा रे खेळा म्हणतात आणि आत जाऊन ऑनलाइन माहिती भरायला बसतात कारण ती माहिती आजच्या आज हवी असते. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी शाळा आतून बघितल्यात, त्यामुळे यात कुणाची नियत वाईट नसते हे मला पक्कं माहितीये. पण मूल त्या तासाला काय नवीन शिकलं असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. गणिताच्या तासाला असं चाललं असतं का? हातचा न शिकवता जा रे बेरजा करा असं आपण कधी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्राथमिकला हालचाली खेळातूनच शिकवाव्यात, पण तो खेळ शिक्षकाने हातात घेऊन बदललेला असावा, आज कुठली हालचाल शिकवायची ते आधी ठरवून. नुसता खेळ घेतला की शिकवून झालं असं होत नाही, आणि खेळ काढून टाकून नुसती हालचाल घोटून घेतली तरी होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, हालचाल काय शिकवायचीय, ती मोठं होता होता येतेच की. चालणं येतं, पळणंही बऱ्यापैकी येतं, मान्य. पण लंगडी घालणं, दोरीवर उड्या, लांब फेकणं, येणारा चेंडू झेलणं, दांड्याने टोलवणं, पळता पळता थांबून दिशा बदलणं, एका पायावर तोल धरणं, या गोष्टी नुसत्या वय वाढल्याने नीट येत नाहीत, त्यांना सराव लागतो आणि कुणीतरी बघून सांगणारं लागतं. जागा बदलायच्या हालचाली, तोलाच्या हालचाली आणि वस्तू हाताळायच्या हालचाली असे याचे तीन मोठे गट करतात, आणि पुढचे सगळे खेळ, कबड्डी असो की क्रिकेट की बॅडमिंटन, यांच्यावरच उभे असतात. सहावी-सातवीतली जी मुलं ग्राउंडच्या कडेला बसून राहतात ना, ज्यांच्याबद्दल आपण म्हणतो की याला खेळाची आवडच नाही, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आवड नसते असं नाही, त्यांना झेलता येत नाही, फेकता येत नाही, आणि सगळ्यांसमोर चेंडू सुटला की हसू होतं हे त्यांना तिसरीतच कळलेलं असतं. मग मूल स्वतःच सांगायला लागतं की मला नाही आवडत. हे त्याला पहिली-दुसरीत शिकवता आलं असतं, आपण शिकवलं नाही.

आता लंगडीच घ्या. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत लंगडी होते आणि प्रत्येक मूल ती आपल्या आवडत्या पायावरच घालतं, चौथी संपली तरी दुसऱ्या पायावर दोन उड्यांच्या वर टिकत नाही. खेळ वर्षानुवर्षं चालू असतो, मुलं घामाघूम होतात, बघणाऱ्याला वाटतं काय छान चाललंय, पण शरीराची एक बाजू कोरीच राहते. नियमात एक छोटा बदल करायचा, जाताना उजवा पाय, येताना डावा. किंवा पहिला गडी बाद केला की पाय बदलायचा. मैदान थोडं लहान आखायचं, नाहीतर डाव्या पायावरचा गडी कुणालाच पकडू शकणार नाही आणि रडकुंडीला येईल. मग आपण काय बघायचं, तर उचललेला पाय कसा आहे ते. लहान मूल तो पाय ताठ पुढे धरतं नाहीतर हाताने पकडून ठेवतं, हात शरीराला चिकटवतं आणि अख्खा तळवा जमिनीवर आपटतं. जमायला लागलं की उचललेला पाय मागे दुमडला जातो आणि प्रत्येक उडीला झोका देऊन मदत करतो, हात कोपरात वाकून साथ देतात, चवड्यावर उतरतं, गुडघा मऊ राहतो. हे एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की शिक्षकाला बोलायला काहीतरी मिळतं, 'हात सोड', 'आवाज न करता उतर', एवढं एकच वाक्य एका मुलाला, आणि खेळ चालूच. थांबवून लेक्चर द्यायचं नाही. खेळ तोच, पण आता तो धडा झाला.

रांगेचं गणितही एकदा मांडून बघण्यासारखं आहे. वर्गात वीस मुलं, एक चेंडू, रांग लावून एकेकाने फेकायचं. एका फेकीला चेंडू परत येईपर्यंत पंधरा सेकंद धरा, म्हणजे नंबर परत यायला पाच मिनिटं, पंचवीस मिनिटांच्या तासात एका मुलाच्या वाट्याला पाच फेकी. बाकी सगळा वेळ उभं राहून पुढच्याच्या शर्टाला ओढणं. तीच वीस मुलं जोड्या लावून दहा चेंडू दिले तर तेवढ्याच वेळात प्रत्येकाच्या पन्नासेक फेकी होतात. दहा चेंडू कुठून आणायचे म्हणाल तर जुना पायमोजा, आत कापडाच्या चिंध्या, वरून सुतळी गुंडाळली की झाला, मऊ असतो, लागत नाही, आणि उताराच्या ग्राउंडवरून घरंगळून खाली वहाळात जात नाही, जे कोकणातल्या शाळेला फार महत्त्वाचं आहे.

खेळातून शिकवायचं ही काही आजची कल्पना नाही. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या बंकर आणि थॉर्प या दोघांनी एक पद्धत मांडली होती. त्यांचं निरीक्षण असं की शाळेत मुलांना आधी तंत्र घोटून शिकवतात, पास कसा द्यायचा, फटका कसा मारायचा, आणि प्रत्यक्ष खेळात गेलं की तंत्र येणाऱ्या मुलालाही कधी काय करायचं हे सुचत नाही. म्हणून त्यांनी उलटं केलं, आधी खेळ, तोही मुलांना झेपेल असा लहान केलेला, त्यात अडलं की काय करायचं याचा विचार, आणि गरज पडली की मग तंत्र. मला ही कल्पना फार पटते, पण जशीच्या तशी उचलून पहिलीच्या वर्गात आणावी असं मी म्हणणार नाही. त्यांची मांडणी माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी होती, ज्यांना निदान फेकता-झेलता येतं. आपल्याकडे सहा वर्षांच्या मुलाला डावपेच समजून काय उपयोग, चेंडू अंगावर आला की ते तोंडच फिरवतं. त्यामुळे लहान वयात खेळाचा गाभा डावपेच नको, हालचाल हवी. एका खेळात एक हालचाल, ती भरपूर वेळा करावी लागेल असा नियम. डावपेच तिसरी-चौथीत हळूहळू येऊ देत, आट्यापाट्यात हुलकावणी द्यायला मुलं शिकतात तिथे ते आपसूक सुरू होतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही टीम जिंकल्या, दोन्हीचे कॅप्टन महाराष्ट्रातले. आनंद होणारच, मलाही झाला. पण त्यानंतर लहान गटालाही पद्धतशीर खो-खो सुरू करू असं बऱ्याच ठिकाणी ऐकलं, त्याबद्दल मला बोलायचंय. पूर्ण खो-खोत आठ जण बसलेले असतात, एक पाठलाग करतो, तीन जण पळतात. अठरा मुलांमध्ये एका वेळी पळणारी चार. मोठ्या खेळाडूंना ते ठीक आहे, पण पहिली-दुसरीच्या मुलाला आपण बसायला शिकवतोय का? त्यापेक्षा उभा खो घ्या, गोल करून घ्या, सहा-सहाचे तीन गोल करा म्हणजे कुणीच फार वेळ रिकामं राहत नाही, आणि अचानक सुटणं, थांबणं, वळणं हे खो-खोचं जे खरं देणं आहे ते प्रत्येकाला मिळतं.

फेकण्याबद्दल जरा जास्त बोलते कारण सगळ्यात वाईट अवस्था त्याचीच आहे. न शिकलेलं मूल समोर तोंड करून, दोन्ही पाय रोवून, नुसत्या कोपरातून फेकतं. नीट फेकणारं मूल आडवं उभं राहतं, उजव्या हाताने फेकायचं तर डावा पाय पुढे टाकतं, कंबर वळते, मग खांदा, मग हात. आमच्याकडच्या मुलांना हे सांगायला फार सोपं आहे. खाडीत गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग टाकणारा माणूस त्यांनी बघितलेला असतो, जाळं आधी अंगाभोवती घेऊन तो कमरेतून कसा वळतो आणि मग ते कसं गोल उघडतं. पाग टाकताना बाबा काय करतात ते करून दाखव म्हटलं की कोळीवाड्यातलं पोर लगेच करतं, आणि चेंडू फेकताना तसाच वळ म्हटलं की त्याला कळतं.

आता यात खेळ कुठला? सगळे म्हणतात लगोरी. पण लगोरी जशी आपण खेळतो, सात चिपा, जवळून नेम, त्यात मूल मनगटाने हलकेच चेंडू टाकतं, कारण नेम चुकायची भीती असते. नेम मागितला की मूल आखडतं, जोर मागितला की अंग उघडतं. म्हणून सुरुवातीला लगोरी मोठी करायची. पोषण आहाराच्या खोलीतले रिकामे डबे नाहीतर खोके एकावर एक रचा, रेघ लांब आखा, एकाऐवजी चार लगोऱ्या मांडा आणि सगळ्यांकडे पायमोज्याचे चेंडू द्या, ढिगारा कोसळेपर्यंत फेकत राहायचं. कोसळला की आवाज होतो, पोरं खूश होतात, आणि लांबून पोचवायचं असल्याने वळावंच लागतं. नेम नंतर. चिपांची खरी लगोरी तिसरीत आली तरी काही बिघडत नाही.

आणि मुली. सातवीपर्यंत मुलींचा हात कोपरातूनच फिरत असतो आणि मुलींचं असंच असतं म्हणून आपण सोडून देतो. मला हे अजिबात मान्य नाही. मुलगे सुट्टीत, वाटेत, समुद्रावर, दिवसभर काही ना काही भिरकावत असतात, आंब्यावर दगड मारतात, मुलींना लहानपणापासून दगड मारू नको गं म्हणून सांगितलेलं असतं. सराव नाही तर येणार कुठून. उलट गौरीच्या वेळी त्याच मुली फुगडी घालतात तेव्हा बघा, समोरचीच्या वजनावर आपलं वजन तोलून गरगर फिरणं ही तोलाची केवढी मोठी गोष्ट आहे, पकड, लय, पायाची अढी, सगळं त्यात आहे, आणि मुलग्यांना ते मुळीच जमत नाही. म्हणून माझ्या वर्गात फुगडी मुलगे पण घालतात आणि लांब फेकायला मुलींना चेंडू आधी मिळतो. पहिल्या आठवड्यात हसतात, नंतर कुणाला काही वाटत नाही.

बाद होण्याच्या खेळांबद्दल मला फार दिवस लिहायचं होतं. संगीत खुर्ची, अमुक बाद, तमुक बाद, शेवटी एक उरला तो विजयी. यात सगळ्यात आधी कोण बाहेर जातं? ज्याला ती हालचाल सगळ्यात कमी येते तो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज त्याला सगळ्यात कमी सराव, आणि ज्याला येतंच त्याला शेवटपर्यंत. शाळेत याच्याइतकं उलटं दुसरं काही नसेल. मजा म्हणून स्नेहसंमेलनात घ्या, तासाला नको. आणि यासाठी बाहेरून काही आणायची गरजच नाही, आपल्या जुन्या खेळांत बाद झालेल्याला परत आणायची सोय आधीपासून आहे. विषामृतात विष लागलेला गडी जागेवर थिजतो आणि आपल्यातल्या कुणी अमृत दिलं की सुटतो. कबड्डीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाहेरचा आत येतो. विषामृत मी पहिलीला रोज घ्यायला तयार आहे. पळणं, झुकांडी देणं, थिजलेल्याने तोल धरून उभं राहणं हे सगळं एकाच खेळात येतं, आणि सुटका करायला मित्र धावून येतो ते वेगळंच. त्यातही बदल करता येतात, आज थिजलेल्याने एका पायावर उभं राहायचं, उद्या अमृत द्यायचं तर त्याच्याभोवती बेडूकउड्या मारत एक फेरी घ्यायची. हालचाल बदलली, खेळ तोच, नियम परत समजावत बसावं लागत नाही आणि तासातला वेळ वाचतो.

पालक काय म्हणतात ते पण ऐकून घेतलं पाहिजे. 'पोरां घराकडे खेळतत ता पुरे, शाळेत आणि खेळ कित्याक?' हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो जुन्या वाडीला धरून आहे. वाडीत पंधरा-वीस पोरं असायची तेव्हा लहानगं मोठ्यांच्या मागे फिरून सगळं शिकायचं, सूरपारंब्या, विटीदांडू, डबा ऐसपैस. आता अर्धी घरं बंद, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, चाकरमानी आले की चार दिवस गजबज आणि मग परत शांत. वाडीत एका वयाची दोन मुलं असली तरी खूप. बरीच मुलं रिक्षाने नाहीतर व्हॅनने तालुक्याच्या शाळेत जातात, काळोख व्हायच्या सुमाराला परत येतात आणि मोबाइल घेऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वयाच्या मुलाला रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी. ती साठ मिनिटं आज वाडीत भरत नाहीत. जिथे क्रिकेट चालतं तिथेही बॅट मोठ्याच्या हातात आणि सात वर्षांचं पोरगं काजीच्या झाडाखाली गेलेला बॉल आणायला. त्याला खेळलास का विचारलं तर हो म्हणेल, पण त्याने संध्याकाळभरात एकदाही टोलवलेलं नसतं.

पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, कमी असण्याचं मात्र मला वाईट वाटत नाही, निदान या बाबतीत. वीसच्या खाली पट असलेल्या शाळांवर बंद होण्याची कायम टांगती तलवार असते, पण अकरा मुलं, पहिलीपासून चौथीपर्यंत एकाच ग्राउंडवर, ही या पद्धतीसाठी उत्तम परिस्थिती आहे. शहरातल्या शिक्षकाला साठ मुलांत एकाचा पाय बघता येत नाही, मला येतो. फक्त सगळ्यांना एकच नियम लावायचा नाही. चौथीतल्याने डाव्या हाताने फेकायचं, पहिलीतल्याने दोन पावलं पुढून. चौथीतला लंगडीवर, पहिलीतला दोन पायांवर. झेलताना लहान्याला एक टप्पा चालेल, मोठ्याने थेट घ्यायचा. मुलं यावर भांडत नाहीत, उलट स्वतःच ठरवायला लागतात की याला किती सूट द्यायची, आणि त्यांचा न्याय आपल्यापेक्षा बरा असतो.

कोकणात पीटीच्या तासाचा खरा वैरी पाऊस आहे. जून ते सप्टेंबर ग्राउंडवर शेवाळ, रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते ती थेट नवरात्राच्या आसपास अंगण वाळतं. तोपर्यंत पीटीच्या तासाला परिपाठाची उजळणी नाहीतर पाढे. म्हणजे वर्षाचा मोठा तुकडा असाच वाहून जातो. पण तोलाच्या आणि हाताळण्याच्या हालचालींना मैदान लागतच नाही. बाकं भिंतीला लावा, व्हरांडा मोकळा करा. खडूची रेघ ओढून तिच्यावर टाच-चवडा चालणं, हातात पट्टी आणि पट्टीवर खोडरबर घेऊन. फुगा वर ठेवायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही, झेलायला घाबरणाऱ्या मुलासाठी फुग्यासारखं दुसरं साधन नाही कारण तो हळू येतो आणि डोळ्यांना त्याच्या मागे जायला वेळ मिळतो. रुमाल पळवणं, तळ्यात-मळ्यात, जोडीने टाळ्यांचे खेळ. आणि जाखडी! रत्नागिरीच्या गावागावांत बाप्ये गणपतीत नाचतात, मुलांना पायाची लय घरातूनच माहीत असते, वर्गात फेर धरला की दहा मिनिटांत उडी, ठेका, वळण, बसकण सगळं होतं. सिंधुदुर्गात दशावतारातली लढाई करायला सांगा, मुलं गिरक्या घेऊन दाखवतात. आपण मात्र याला कला म्हणून एका रकान्यात टाकतो आणि पीटीचा रकाना पावसामुळे रिकामा ठेवतो. बालभारतीने 'खेळू, करू, शिकू' मध्ये खेळ, कला आणि कार्यानुभव एकाच पुस्तकात आणले ते बरोबरच आहे, वर्गात आपण ते परत वेगळे करतो.

लागण्याची भीती खरी आहे. जांभ्याच्या कातळावरचं ग्राउंड म्हणजे पडलं की गुडघा सोललाच. तिथे पाठलागाचे खेळ लहान चौकटीत घ्यावेत, वळणांचे घ्यावेत, सरळ जोरात पळण्याचे नकोत, आणि उड्यांसाठी वाळू नाहीतर पेंढा टाकलेला एक कोपरा करावा. किनाऱ्यालगतच्या शाळांना तर ओहोटीनंतरची घट्ट ओली वाळू आहे, त्याच्यासारखं मैदान महाराष्ट्रात कुठे नाही, भरतीची वेळ बघून आणि पाण्यापासून लांब रेघ आखून, सोबत एक पालक घेऊन, आठवड्यातून एकदा जायला काय हरकत आहे. साधनांचंही तसंच. पोफळीच्या विरीवर, म्हणजे गळून पडलेल्या झावळीच्या रुंद बुडख्यावर, एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, ओढणाऱ्याचे पाय आणि बसणाऱ्याचा तोल दोन्ही तयार होतात. सुंभाची दोरी, करवंट्यांना दोरी बांधून त्यावर चालणं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजार रुपये क्रीडा अनुदानाची तरतूद आहे, ते आलं की एक क्रिकेट किट आणि एक कॅरम घेऊन संपवू नका, मऊ चेंडू, दोऱ्या आणि रिंगा घ्या, प्रत्येक मुलाच्या हातात एक येईल इतक्या.

राहिला शिक्षक. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीला आणि तोही शंभराच्या वर पट असेल तर. पहिली ते पाचवीला असा कुणी नाहीच, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि त्यांनीच सगळं करायचं. म्हणजे ज्या वयात हालचालींचा पाया पडतो त्या वयाला तज्ज्ञ नाही. ही मागणी लावून धरायलाच हवी, निदान आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्याला एक फिरता क्रीडाशिक्षक द्या. पण तो येईपर्यंत मुलं थांबणार नाहीत, ती मोठी होतायत. बऱ्याच बाया मला म्हणतात आम्ही साडीत कुठे पळणार, आमचं वय झालं. पळायचं नाहीच आहे. पळायचं मुलांनी, आपण बघायचं, आणि बघायला काय शोधायचं ते माहीत असलं की झालं. केंद्राची शिक्षण परिषद होते त्यात एक तास ग्राउंडवर घ्या, पीपीटी नको, पाच मुलं समोर लंगडी घालतायत आणि आपण त्यांच्या पायाबद्दल बोलतोय, एवढंच.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे मुलाबद्दल वर्षभर करायच्या नोंदीही मग बदलतील. आज आपण तयार यादीतून लिहितो, 'खेळात आवडीने भाग घेतो', 'नियम पाळतो'. हे वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काय कळणार? 'डाव्या पायावर पाच उड्या सलग', 'फेकताना अजून पाय पुढे येत नाही', 'टप्पा पडलेला चेंडू हातात घेतो, थेट आलेला छातीशी कवटाळतो', असं लिहा. खेलो इंडियाच्या चाचणीत पाच ते आठ वयाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), एका पायावरचा तोल आणि हाताचा झटपट समन्वय एवढंच बघतात, धावण्याचं वगैरे नऊ वर्षांनंतर. कुणी जाणूनच ते असं ठेवलंय. पण चाचणीने मुलाचा तोल जातो हे कळतं, तो का जातो हे रोज बघणाऱ्या शिक्षकालाच कळणार.

शेवटचा मुद्दा हिवाळी स्पर्धांचा, आणि तो मी मुद्दाम सगळ्यांना उद्देशून लिहितेय, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, शाळा व्यवस्थापन समितीवाले सगळे. लहान गटासाठी पण आपण केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशी गाळणी लावतो. नोव्हेंबरपासून शाळा चार चांगली मुलं निवडते, तास त्यांच्यासाठी चालतो, बाकीची टाळ्या वाजवायला. सात वर्षांच्या मुलाला जिल्ह्याला नेऊन काय मिळतं? मोठ्या गटाची स्पर्धा चालू दे, त्याला माझा विरोध नाही, कबड्डीवर प्रेम करणारी माणसं आहोत आपण. पण लहान गटाला केंद्रावरच एक दिवस ठेवा आणि प्रत्येक शाळेतलं प्रत्येक मूल आणा. दहा ठिकाणी दहा खेळ मांडा, डब्यांची लगोरी, दोन्ही पायांची लंगडी, विषामृत, विरीची ओढगाडी, फुगडी, फुगा, वेगवेगळ्या शाळांची मुलं मिसळून गट करा, पंधरा मिनिटांनी गट पुढे सरकवा. नंबर काढू नका. खर्च तालुक्याच्या स्पर्धेच्या गाड्यांपेक्षा कमीच येईल. एका केंद्राने या डिसेंबरात करून बघावं, पायमोज्याचे चेंडू शिवायला आणि डबे गोळा करायला मी आणि माझी चौथीची मुलं येतो.